धोंड्याचं जेवण आणि फार वरचा वारा

कोल्हार पंचक्रोशीतील समस्त नातेवाईक, व्याही, विहिणी, सोसायटीच्या ओट्यावर बसणारी ज्येष्ठ मंडळी आणि आमच्या भावकीतील नोकरीच्या शोधातले पदवीधर यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माझे पती पवनचक्कीत नोकरीला नाहीत. ते कधीही नव्हते. पवनचक्क्या बंद करणे, चालू करणे, किंवा त्यांच्या पात्यांनी पळवून लावलेला पाऊस माघारी बोलावणे ही कामे त्यांच्या अखत्यारीत येत नाहीत. तरी कृपया यापुढे त्यांना पहाटे चहाच्या आधी फोन करू नयेत.

हे निवेदन मी मनातल्या मनात किती वर्षं म्हणते आहे कोण जाणे. आवाज, हातवारे, थांबायच्या जागा, सगळं बसवून झालंय. नगरला माझं नाटकाचे आणि गॅदरिंगचे कपडे भाड्याने देण्याचं दुकान आहे. एका खुंटीवर राजाचा मुकुट, दुसरीवर भेंडीचा पोशाख, तिसरीवर मधमाशीचे पंख. अशा ठिकाणी दिवस काढणाऱ्या बाईला साधं बोलणं जमत नाही. माझा नवरा नेमका उलटा. त्याच्या तोंडून एक वाक्य बाहेर येईपर्यंत माझे दोन अंक संपतात.

सगळ्याचं मूळ आमच्या बघण्याच्या कार्यक्रमात आहे. कोल्हारला आमच्या पडवीत पाहुणे बसले होते. मी पोहे आणून ठेवले आणि दाराआड उभी राहिले, कारण खरी गंमत तिथूनच ऐकू येते. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सरळ विचारलं, "पाव्हणं, करता काय?"

"कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आणि वाऱ्याचा अभ्यास करतो."

"कंच्या वाऱ्याचा?"

"वरच्या. फार वरच्या. विमानं उडतात ना, त्याच्याही दुप्पट उंचीवरचा."

अण्णांनी पडवीच्या पत्र्याकडे पाहिलं. "तितं कोन ऱ्हातं?"

"कोणी नाही."

"मंग त्याचं करायचं काय?"

नवऱ्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "समजून घ्यायचं."

अण्णा उठून आत आले आणि आईला हळू आवाजात म्हणाले, "पोरगं गुणी हाय, पन लाजतंय. नुस्तं समजून घ्यायला कोन पगार देतं? पवनचक्कीत असनार. सांगायची परवानगी नसंल."

तेव्हा सुप्याकडच्या डोंगरांवर नुकत्याच पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या आणि जिल्हाभर तोच विषय होता. अण्णांचा हिशेब चुकीचा होता असं कोण म्हणेल? वारा म्हटल्यावर पगार देणारी एकच जागा त्यांना ठाऊक होती. लग्न झालं, वरातीत अर्ध्या गावाला कळलं की मुलगी पवनचक्कीच्या साहेबाला दिली. मी सांगितलं, आईनं सांगितलं. अण्णा म्हणायचे, "व्हय व्हय, कळलं," आणि डोळा मिचकवायचे.

मग फोन सुरू झाले. कोणाला पोराला तिथं चिकटवायचं होतं. कोणाला जुनं पातं गोठ्यावर टाकायला हवं होतं. शेजारच्या काकांची मुलगी सुप्याकडे दिलेली, त्यांची तक्रार दर पावसाळ्यात ठरलेली: "जावईबापू, ढग येत्यात, चक्क्या बघत्यात आन् माघारी जात्यात. आठ दिस बंद ठिवा की, आमच्या व्याह्याची बाजरी निघंल." आणि माझा नवरा, ज्याला कोणालाही नाही म्हणता येत नाही, तो म्हणायचा, "बघतो हं काका." आता या 'बघतो'नंतर कोणाचा विश्वास बसणार, की याचा पवनचक्कीशी संबंध नाही?

तो खरोखर काय करतो, ते आता मी सांगते. इतकी वर्षं जेवताना ऐकून मला ते पाठ झालंय.

विषुववृत्ताच्या आसपास, ढगांच्या खूप वर, हवेचा एक शांत पट्टा आहे. तिथं पाऊस नाही, धूळ नाही, पाखरू नाही. तिथला वारा पृथ्वीला गोल वळसा घालत वर्षभर पूर्वेकडून वाहतो, मग उलटतो आणि वर्षभर पश्चिमेकडून वाहतो. उलटण्याची तऱ्हा मोठी नाटकी आहे, म्हणून तर मला आवडते. नवा वारा आधी सगळ्यात वर उगवतो आणि महिन्यामहिन्याने खाली उतरत येतो. खालचा जुना वारा आपल्याच तोऱ्यात वाहत असतो, आणि डोक्यावर त्याच्या जागी उभा राहणारा नट रंगून तयार बसलेला असतो. उतरत उतरत नवा जुन्याला पार संपवतो, तोवर त्याच्याही डोक्यावर पुढचा तयार. उन्हाळा-पावसाळ्याशी याचं काही देणंघेणं नाही. एक पूर्ण फेरी व्हायला दोन वर्षं आणि वर थोडे महिने लागतात. अलीकडे एक-दोनदा त्यानं हा क्रमही मोडला, तेव्हा जगभरचे अभ्यासक चक्रावले आणि माझा नवरा आनंदानं दोन दिवस नीट जेवला नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच अधिक महिन्यात मी त्याला म्हटलं होतं, "म्हणजे हा वारा धोंड्यासारखाच की! दोन-अडीच वर्षांनी येतो, ऐन कोणत्या महिन्यात ते ठरलेलं नाही." नवऱ्यानं गंभीरपणे सांगितलं की वारा धोंड्याच्या थोडा आधी येतो. तेव्हापासून आमच्या घरात त्या वाऱ्याला 'धाकटा धोंडा' म्हणतात.

धोंड्याचा महिना म्हणजे आमच्याकडे जावयाची दिवाळी. लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पाय धुवायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि पुरणाचे वाफवलेले धोंडे तुपात बुडवून इतके खायला घालायचे की जावयाला उठता येऊ नये. त्या महिन्यापुरता जावई म्हणजे साक्षात विष्णू. माझा विष्णू दर धोंड्याला पवनचक्कीचा विष्णू म्हणून पूजला जात होता.

मला यात मजाच वाटत असे. मग गेल्या उन्हाळ्यात राहुरीला एका लग्नात माइकवाल्यानं पुकारलं, "पवनचक्कीचे मोठे साहेब आलेले आहेत, त्यांनी व्यासपीठावर यावं." अण्णांनी स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधला. परतताना गाडीत तो फेटा मांडीवर घेऊन बसला होता. मग सासऱ्यांबद्दल म्हणाला, "मामांना एकदा खरं कळायला पाहिजे गं."

"अहो, गावाला कळून काय फरक पडणार आहे?"

"गावाचं नाही म्हणत. मामांना." आणि थोड्या वेळानं, "त्यांचा माझ्यावर फार जीव आहे. पण तो त्या पवनचक्कीवाल्यावर आहे. मला ते कधी भेटलेच नाहीत."

मी त्याच्या मांडीवरचा फेटा घेतला आणि नगर येईपर्यंत त्याची नीट घडी घालत राहिले.

त्यानंतर त्यानं दुकानाच्या मागच्या खोलीत ते पिंप बांधायला घेतलं. सांगून अण्णांना पटत नव्हतं, तर दाखवायचं. कमरेएवढं उंच, पारदर्शक प्लॅस्टिकचं गोल पिंप, त्याच्या आत दुसरं अरुंद पिंप, आणि दोन्हींच्या मधल्या गोल गल्लीत पाणी. पाणी साधं नाही. तळाला खूप खारं, वर येता येता कमी कमी खारं आणि सगळ्यात वर गोडं. खाली जड, वर हलकं, जशी ती वरची हवा थरांत बसलेली असते तशी. तळाला ट्रकच्या ट्यूबचं रबर ताणलेलं. टेम्पोच्या वायपरची मोटर ते रबर खालून हलवते: एक तुकडा वर, शेजारचा खाली, मग उलट. पाण्याला डावीकडे-उजवीकडे कोणी ढकलत नाही, नुसतं खालीवर. तरीही बऱ्याच वेळानं पाणी गोल फिरायला लागतं. आणि मग, कोणी काहीही न करता, वरून उलटं फिरायला लागतं.

हा प्रयोग त्याचा नव्हे, जुन्या शास्त्रज्ञांचा. पण मोती माझे! पाणी फिरतंय हे दिसणार कसं, यावर तो अडला होता. मी राजे-राण्यांचे मोडके हार त्याच्यासमोर ओतले. त्या प्लॅस्टिकच्या मण्यांतले काही जड, काही हलके. पाण्यात सोडले की प्रत्येक मणी आपापल्या खारटपणाच्या थरावर जाऊन अधांतरी थांबतो. वर पांढरे, मध्ये हिरवे, खाली लाल. राजघराण्यातले मोती शेवटी शास्त्राच्या कामी आले. आमच्या घरी ते पाणी एकदाच उलटलं, पण उलटलं. त्या दिवशी नवऱ्यानं मला पेढा भरवला.

यंदाच्या धोंड्याला बोलावणं आलं. पिंप कापडी शेल्यांत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर आडवं ठेवलं आणि आम्ही निघालो. नगर-मनमाड रस्त्याबद्दल मी काही बोलणार नाही, हसऱ्या मनानं लिहायला बसले आहे. इतकंच सांगते की राहुरीपर्यंत पिंपाला मी मिठी मारली होती आणि त्यापुढे पिंपानं मला.

संध्याकाळी पडवीत त्याची स्थापना झाली. नवऱ्यानं बादल्यांत मीठ कालवलं आणि बारीक नळीनं एकेक बादली थेंबाथेंबानं खाली सोडली. मोती सोडले. ते आपापल्या मजल्यावर जाऊन थांबले, तेव्हा आई म्हणाली, "बाई, तुळशीच्या लग्नात मांडावं असं दिसतंय." नवऱ्यानं सांगितलं, रात्रभर पाणी स्थिर होऊ द्यायचं, उद्या जेवणाआधी मोटर लावायची, कोणी हात लावायचा नाही. त्यानं हे आईला सांगितलं, मला सांगितलं, शेजारच्या काकांना सांगितलं, शेजारच्यांच्या मांजरालासुद्धा हाकलताना सांगितलं. अण्णा तेव्हा बैलांना वैरण टाकत होते. घरच्या मालकाला त्याच्या घरात कशाला हात लावू नका असं सांगायचं आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नाही.

सकाळी मी चहा घेऊन पडवीत आले. नवरा पिंपासमोर उभा होता, दात घासायचा ब्रश तोंडात तसाच. अर्धे मोती पाण्यावर तरंगत होते, अर्धे तळाला पडले होते, आणि मध्ये एकही नव्हता. पिंपाला टेकून एक ओला बांबू उभा.

अण्णा गोठ्यातून आले, एकदम खुशीत. "पाव्हणं, तुमचं मीठ समदं खाली बसल्यालं हुतं. लाल मनी पार बुडाला गेल्तं. मी चांगलं तळापासनं ढवळून ठिवलंय. अजाबात गुठळी न्हाई."

सांगते, यात त्यांचा काही दोष नव्हता. आयुष्यभर त्यांनी फवारणीचं औषध ड्रममध्ये कालवलं. ड्रममध्ये काही विरघळवलं की ते काठीनं तळापासून ढवळायचं, नाहीतर एका ओळीला औषध आणि एका ओळीला नुसतं पाणी, पीक करपलं म्हणून समजा. आमच्याकडे ड्रम दिसला की ढवळतातच. पाहुण्याचा ड्रम तर आणखी प्रेमानं.

नवऱ्यानं ब्रश तोंडातून काढला आणि म्हणाला, "बरं केलंत, मामा."

मी कपाळावर हात मारला. हा माणूस पुन्हा 'बघतो हं काका' म्हणाला होता, वेगळ्या शब्दांत.

"मंग लावा की मोटर," अण्णा म्हणाले. "आमाला बी बघू द्या." त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि दिसेल ते बारकाईनं पाहण्याचा त्यांना नाद लागला होता.

नवऱ्यानं मोटर लावली. रबर खालीवर झालं, पाणी हिंदकळलं, वरचे मोती जागच्या जागी नाचले. अण्णा उकिडवे बसून पाहत राहिले. चहा निवला.

"नुस्तंच डुचमळतंय हे," ते शेवटी म्हणाले. "फिरनार हुतं ना?"

"आज नाही फिरणार, मामा. राहू द्या."

"का न्हाई?"

"पाण्यात थर असावे लागतात. खाली जड, वर हलकं. थर असले तरच खालचा हिसका लाट होऊन वर चढतो. ते जरा मोडलेत."

"कोनी मोडलं?"

नवरा पिंपाच्या तळाकडे पाहत होता. मी नवऱ्याकडे. आई परात घेऊन उंबऱ्यात आली, तिनं बांबूकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पळसाच्या झाडावरनं भूत आलं हुतं बांबू घिऊन. धोतर नेसल्यालं."

अण्णांनी टोपी घातली, मोटारसायकलला किक मारली आणि गेले. नवरा माझ्यावर वैतागला, "अगं, वाईट वाटलं त्यांना. मामींना आवरायचं होतंस." आईला आवरायचं! अण्णांना ते जमलेलं नाही.

अण्णा आले ते पेट्रोलच्या टाकीवर जाड्या मिठाचं पोतं आडवं टाकून. "हं," म्हणाले. "आता पहिल्यापासनं सांगा. काय मोडलं, कसं मोडलं, आन् पुन्ना कसं घालायचं."

आई म्हणाली, "अवो, धोंडं उकडायला ठिवत्येय मी. जावयाला आधी ववाळायचं, जेवू घालायचं."

"जावई तुझे धोंडं खाऊन झोपनार. मंग हे कोन करनार? आज जेवान उशिरा."

धोंड्याच्या महिन्यात विष्णूला उपाशी ठेवणारं आमचं जगातलं एकमेव घर असेल.

आधीचं खारं पाणी काढायचं होतं. ते परसात सोडायला अण्णांनी साफ नकार दिला. आमच्याकडच्या जमिनी कॅनॉलच्या पाण्यानं आधीच खारवटल्या आहेत. बादल्या भरभरून ते सगळं रस्त्याकडेच्या मुरमावर नेऊन ओतलं, त्यात मीही होते. पिंपात आधी गोडं पाणी भरलं. मग खाऱ्या पाण्याची बादली उंच स्टुलावर, तिच्यातून ठिबकची बारीक नळी, आणि नळीचं टोक पिंपाच्या तळाशी धरून बसलेले अण्णा. हात हलवायचा नाही, धार वाढू द्यायची नाही, बादली संपली की पुढची जास्त खारी बादली.

आणि इथं ती गोष्ट घडली, जी इतक्या धोंड्यांत घडली नव्हती. माझ्या नवऱ्याला एक असा श्रोता मिळाला, ज्याला जागचं उठता येत नव्हतं.

त्यानं त्यांना सगळं सांगितलं. खाली उष्ण प्रदेशांत मोठमोठे ढग उसळतात, ते वरच्या हवेला खालून हिसके देतात, आपलं रबर म्हणजे ते ढग. त्या हिसक्यांच्या लाटा दोन्ही दिशांनी वर निघतात. पाणी ज्या दिशेला वाहत असतं, त्या दिशेच्या लाटा त्याच्यातच जिरतात. उलट्या दिशेच्या लाटा त्यातून निसटून वर जातात आणि वर जाऊन उलटा धक्का देतात. म्हणून वर उलटा वारा सुरू होतो आणि खाली उतरत येतो. मग लाटांची पाळी बदलते, आणि पुन्हा तेच.

"हूं," अण्णा म्हणाले. मग, "म्हंजे ह्यो वारा आपल्यातनंच आपला वैरी तयार करतो."

"अगदी तसंच, मामा."

"हूं." एक बादली संपली. "आन् याचा उपेग काय?"

मी कान टवकारले. हा प्रश्न पूर्वीही या पडवीत आला होता, आणि त्याच्या उत्तरापायी आमच्या घरात पवनचक्की उभी राहिली होती.

"पुढच्या हंगामाचा अंदाज बांधणाऱ्यांना थोडा उपयोग होतो," नवरा म्हणाला. "फार नाही. कॉलेज मला शिकवायचा पगार देतं, याचा कोणी देत नाही. पण मामा, खरं सांगू का? ते वर चालू असतं, कोणाला दिसत नाही, कोणाचं त्याच्यावाचून अडत नाही. मला ते बघत बसायला आवडतं."

अण्णांनी मान वळवून गोठ्याकडे पाहिलं. तिथं त्यांची खिलारी जोडी रवंथ करत बसली होती. ट्रॅक्टर आल्यापासून त्या जोडीला पोळ्याशिवाय काम नाही. आईनं शंभर वेळा विका म्हटलंय. अण्णा रोज त्यांना धुतात, खरारा करतात आणि संध्याकाळी समोर खाट टाकून पाहत बसतात.

"मंग ह्ये आदी न्हाई का सांगायचं," ते म्हणाले. "बघत बसायला आवडतं म्हनून. मला वाटलं, नुस्तं समजून घ्यायचं."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, कारण माझे डोळे नेमके ऐनवेळी भरून येतात.

पाणी भरलं, मोती सोडले, ते आपापल्या मजल्यावर गेले. वीज कधी जाईल भरवसा नाही, म्हणून अण्णांनी स्वतः ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली. मोटर लागली. बराच वेळ काही नाही. मग मधले हिरवे मोती जरासे चुळबुळले, आणि हळूहळू, पूजेच्या ताटाभोवती मुंगी फिरावी तसे, सगळे एका दिशेला फिरायला लागले.

"फिरलं!" अण्णा म्हणाले.

"थांबा, मामा. खरं अजून व्हायचंय. उलटायला हवं."

आईचा धीर संपला होता. "ते फिरू द्या, नायतर उडू द्या. पानं वाढली." पाय धुणं झालं, ओवाळणं झालं, वाण दिलं. जावयाच्या शेजारी बसून आग्रह करणं हे अण्णांचं काम. अण्णा एक धोंडा वाढायचे आणि पडवीत जाऊन यायचे.

"अवो, बसा की! जावई जेवतोय."

"जावई कुठं पळून चाललाय? त्यो मनी पळून चाललाय."

नवऱ्याला मात्र घास जात नव्हता. हे मलाच कळलं, कारण त्यानं तुपाची वाटी तशीच ठेवली होती. घरी एकदाच उलटलेलं पाणी. मीठ बाजारातलं जाडं. घातलेले थर घाईचे. अण्णा आता पाहत होते, समजून पाहत होते, आणि आज ते उलटलं नसतं तर पुढच्या धोंड्याला पुन्हा फेटाच बांधला गेला असता.

तेवढ्यात शेजारचे काका आले, चांगले कडक कपडे घालून. धोंड्याला साहेब सापडतात हे त्यांना माहीत होतं. "जावईबापू, सावकाश होऊ द्या. जेवान झालं की बोलू. व्याह्याचा फोन आल्ता. यंदा बी ढग माघारी."

नवऱ्याचा हात थांबला. तो आता 'बघतो हं काका' म्हणणार, हे मला त्याच्या ओठांवर दिसलं.

पण पडवीतून अण्णांची हाक आली, कापरी, लहान मुलासारखी. "पाव्हणं! अवो पाव्हणं! ह्यो पांढरा थांबला!"

नवरा खरकट्या हातानं उठला. आम्ही सगळेच उठलो. भरल्या पानावरून जावई उठला म्हणून आईनं देवाला हात जोडले आणि तीही मागे आली. अण्णा पिंपासमोर गुडघ्यांवर बसले होते, प्लॅस्टिकवर एक बोट टेकवून. सगळ्यात वरचा पांढरा मोती थांबला होता. खालचे हिरवे, लाल अजून पहिल्याच दिशेला चालले होते. पांढरा थोडा डगमगला. आणि मग अगदी सावकाश, काहीतरी विसरलं म्हणून घराकडे परत निघावं तसा, उलटा चालायला लागला.

शेजारचा पांढरा थांबला. तोही वळला. मग त्यांच्या खालचे हिरवे मंदावले. नवा वारा उतरत होता. अण्णांचं बोट मोत्याबरोबर प्लॅस्टिकवरून सरकत होतं आणि नवऱ्याचा पुरण लागलेला पंजा कधी त्यांच्या खांद्यावर गेला, ते दोघांनाही कळलं नाही.

"कोनी ढकललं न्हाई," अण्णा पुटपुटले. "वरनं कोनी हात लावला न्हाई. मी बघत हुतो."

काकांनी मागून मान लांब करून पाहिलं. मणी फिरताहेत, एवढं त्यांना दिसलं. मग त्यांना आपलं काम आठवलं. "लई भारी हाय. हे नवीन मशीन व्हय? बरं, जावईबापू, ते चक्क्या आठ दिस बंद ठिवायचं तेवढं—"

अण्णा गर्रकन वळले. डोळे भरलेले, बोट अजून पिंपावर, आणि पार सोसायटीच्या ओट्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "आरं, गप ऱ्हा की जरा! माझा जावई पवनचक्कीत न्हाईच!"